चिंचेने घासलेलं नाणं आणि उघडा राहिलेला खड्डा

पत्र

ताई, मी मूळचा वाईजवळच्या एका खेड्यातला. अकरा वर्षं झाली, नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लेस्टरशायरला राहतो. चव्वेचाळिसाव्या वाढदिवसाला बायकोने मेटल डिटेक्टर घेऊन दिला. लहानपणापासून नाण्यांचं वेड होतं, म्हणून इथल्या एका क्लबात नाव नोंदवलं आणि मागच्या महिन्यात पहिल्यांदा त्यांच्याबरोबर एका शेतावर गेलो. त्या दिवशी जे जे झालं ते आठवलं की अजून झोप लागत नाही.

पहिला पाऊण तास यंत्र दर पावलाला वाजत होतं. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी येऊन सांगितलं, "तुझ्या बुटांत पोलाद आहे." मग माती मुठीत घेऊन यंत्राच्या कॉइलवरून, म्हणजे खालच्या गोल चकतीवरून, फिरवायला लागलो, तर प्रत्येक मूठ वाजे. ती माझ्या बोटातली पुष्कराजाची अंगठी होती. दुपारी पिवळं चकाकणारं काही दिसलं आणि मी सोनं म्हणून ओरडलो. दहाबारा जण धावत आले. ते बंदुकीच्या काडतुसाचं पितळी बूड निघालं. नंतर एका सिग्नलसाठी गुडघाभर खणलं, हाती काही लागलं नाही. तेवढ्यात पाऊस आला आणि मी खड्डा तसाच टाकून गाडीकडे पळालो. शेतकऱ्याने तो पाहिला आणि सगळ्यांसमोर मला झापलं. दिवसभरात एकच चांगली वस्तू मिळाली, तांब्याचं छोटं नाणं. क्लबमधले एक जण रोमन आहे म्हणाले. घरी येऊन चिंच-मीठ लावून ते स्वच्छ केलं. आता ते चकचकीत झालंय, पण त्यावर जवळजवळ काहीच दिसत नाही.

पुन्हा त्या क्लबात तोंड दाखवू का? आणि डिसेंबरात गावी जातोय. घराच्या मागेच किल्ला आहे, खाली वडिलांची शेती आहे. तिथे लोक ओळखीचे, हसणार कोणी नाही. यंत्र तिकडे नेऊन आधी हात साफ करून घेऊ का?

— ओशाळलेला, लेस्टरशायर

उत्तर

नमस्कार,

डिसेंबरचं आधी सांगते, कारण तिकिटं काढली असतील. यंत्र गावी नेऊ नका. का, ते पुढे लिहिते.

तुमच्या पत्रातल्या सगळ्याच गोष्टींची तुम्हाला सारखीच लाज वाटते आहे. मी चौदा वर्षं इंग्लंडच्या शेतांमधून हे यंत्र घेऊन फिरते आहे. माझ्या मते त्यांतल्या दोनच मनाला लावून घेण्यासारख्या आहेत, तो खड्डा आणि ती चिंच. बूट, अंगठी आणि काडतूस यांनी कुणाचंच काही बिघडलं नाही.

बुटांचं कारण एकदा समजलं की ती चूक पुन्हा होत नाही. कॉइलमधून सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र बाहेर पडतं. जवळ धातू असला की त्यात बारीक विद्युतप्रवाह फिरू लागतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षेत्र कॉइलपर्यंत परत येतं आणि यंत्र वाजतं. तो धातू मातीत आहे, बुटात आहे की बोटात आहे, हे यंत्राला कळायला मार्ग नाही. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी एक आख्खी सकाळ विजेच्या कुंपणालगत चालत होते. कुंपणातून ठरावीक वेळाने झटका सोडतात आणि तो हेडफोनमध्ये टक् टक् ऐकू येतो. मला वाटलं, या पट्ट्यात नाणीच नाणी आहेत. सतरा खड्डे खणले, सगळे रिकामे. खिशातला मोबाइलही असाच त्रास देतो. तेव्हा रबरी बूट घाला, अंगठी-घड्याळ गाडीत काढून ठेवा, फोन बंद करून पाठपिशवीत टाका आणि फावडं कॉइलपासून हातभर लांब ठेवा.

काडतुसाचं बूड पितळेचं असतं, त्यावर बहुतेक वेळा १२ हा आकडा असतो आणि ओल्या मातीतून ते वर आलं की खरंच सोन्यासारखं दिसतं. तुम्ही ओरडलात म्हणून जे धावत आले, त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या घरी असल्या बुडांनी भरलेला डबा आहे. ते हसायला आले नव्हते. कुणाला तरी खरंच काही सापडलं असेल आणि ते मातीतून निघतानाच बघायला मिळेल, या आशेने आले होते. मी आजही धावते.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण नवशिक्यांचं हमखास होतं ते सांगून ठेवते. काडतुसं आणि डब्यांच्या कड्या यांचा कंटाळा येऊन माणूस यंत्रावर असं बटण लावतो की तसल्या वस्तूंवर ते गप्पच राहावं. डब्याच्या ॲल्युमिनियमच्या कडीचा आणि सोन्याच्या बारीक अंगठीचा सिग्नल बऱ्याचदा एकाच पट्ट्यात पडतो. कडीला गप्प केलं की अंगठीही गप्प होते. मध्ययुगातली हातोडीने पाडलेली चांदीची पेनी तर दीड ग्रॅमचीही नसते, पानासारखी पातळ, तिचा आवाज आधीच क्षीण. पहिलं वर्षभर लोखंड सोडून वाजेल ते सगळं खणा. आणि कॉइल पाळण्यासारखी झुलवू नका. दोन्ही टोकांना ती उचलली जाते आणि तेवढी जमीन तपासायची राहून जाते. केरसुणी जशी जमीन धरून चालते तशी चालवा, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवून.

आता खड्डा.

गुडघाभर खणून काही मिळालं नाही म्हणता. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच या यंत्रांना धड ऐकू येते. त्याहून खोलवरून जे खणखणीत वाजतं, ते बहुधा नांगराचा तुटलेला फाळ किंवा तसलंच मोठं लोखंड. दुसरीही शक्यता आहे आणि तीच जास्त वेळा खरी ठरते. वस्तू पहिल्या दोन फावड्यांतच वर आलेली असते, तुमच्या मागच्या ढिगात. म्हणून दर फावड्यानंतर आधी खड्ड्यावरून कॉइल फिरवायची. आवाज थांबला असेल तर खणणं बंद करून ढीग तपासायचा. पिनपॉइंटर नावाचं गाजराएवढं छोटं यंत्र मिळतं, ते मातीत खुपसून शोधता येतं. ते घ्या, मग मुठी फिरवायची वेळच येणार नाही.

कुरणात खणताना गवताचा गड्डा तीन बाजूंनी कापायचा, चौथी बाजू तशीच ठेवायची आणि झाकण उघडावं तसा तो उलटा पाडायचा. माती शेजारी फडक्यावर काढायची. काम झालं की फडकं खड्ड्यात रिकामं करायचं, गड्डा परत बसवायचा आणि पायाने दाबायचा. आठवड्याने तिथे खणलं होतं हे तुमचं तुम्हालाही ओळखू येता कामा नये. कडक उन्हाळ्यात कुरणात खणूच नये, कापलेलं गवत जळतं आणि पिवळे ठिपके महिनाभर दिसत राहतात.

शेतकरी तुमच्यावर एवढा का भडकला, हे तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नसावी. तुमच्या वडिलांच्या शेतात अनोळखी माणसाने गुडघाभर खड्डा करून तसाच सोडला असता आणि संध्याकाळी गाय त्यात अडखळून पाय मोडून बसली असती, तर तुमच्या वडिलांनी काय केलं असतं? इथेही तेच आहे. मेंढीचा पाय अडकतो, ट्रॅक्टर हिसका खातो. शिवाय खणून काढलेला कचरा तिथेच टाकला तर गुरांच्या पोटात जातो, म्हणून कड्या-पत्रेही आपल्याबरोबर परत न्यायचे. त्या माणसाने आपल्या जमिनीवर पाय ठेवू दिला, एवढ्यावर हा सगळा छंद उभा आहे. इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठेही यंत्र चालवता येत नाही. एका खड्ड्यापायी तीसचाळीस जणांची परवानगी जाऊ शकते, आणि तसं होताना मी पाहिलं आहे.

तेव्हा क्लबात जायच्या आधी त्या शेतकऱ्याकडे जा. क्लब चालवणाऱ्यांना फोन करून विचारा, कधी गेलं तर चालेल ते. यंत्र घरी ठेवा, फावडं न्या. खड्डा अजून असेल तर बुजवा, त्यानेच बुजवला असेल तर तसं कबूल करा. आपल्याकडे कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जात नाहीत, तसे नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन जा. लांबलचक माफी मागत बसू नका, इंग्रज शेतकऱ्याला ते अवघड होतं. चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढं पुरे. आणि निघताना एक विचारा: शेतात तुमचं काही हरवलंय का? ट्रॅक्टरची खीळ, किल्ली, पाना, प्रत्येक शेतकऱ्याचं काही ना काही हरवलेलं असतंच.

हे मी उगाच सुचवत नाही. १९९२च्या नोव्हेंबरात सफोकमधल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. ती शोधून द्यायला त्याने एरिक लॉज या ओळखीच्या माणसाला बोलावलं. लॉज यांच्या यंत्राला हातोडीच्या आधी भलतंच काही ऐकू आलं. रोमन काळाच्या अखेरीस पुरलेला मोठा ठेवा होता तो. सोन्याचांदीची मिळून पंधरा हजारांच्या आसपास नाणी, दागिने, चांदीचे चमचे. त्यात स्त्रीच्या आकाराची एक चांदीची मिरेदाणीही आहे, आणि त्या काळी रोमन लोक जे मिरे खात ते मलबारच्या किनाऱ्यावरून जहाजाने जात. ब्रिटिश म्युझियममध्ये त्या मिरेदाणीपुढे मी प्रत्येक वेळी थांबते.

पण मला ज्याचं मोल वाटतं ते पुढे आहे. वस्तू वर यायला लागल्यावर लॉज सगळं उपसत बसले नाहीत. थांबले आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ आले, त्यांनी उरलेला ठेवा पद्धतशीर खणला. म्हणून तो लाकडी पेटीत ठेवलेला होता, कोणती वस्तू कोणत्या वस्तूशेजारी होती, हे आज आपल्याला माहीत आहे. साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस मिळालं, ते त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडीही सापडली. तीही आता संग्रहालयात आहे.

याच्या उलट लेमिन्स्टरजवळचा प्रकार. २०१५ मध्ये दोघा जणांना व्हायकिंग काळातला ठेवा सापडला. त्यांनी तो कळवला नाही, नाणी गुपचूप विकायला काढली. सुमारे तीनशे नाणी असावीत असा अंदाज आहे, हाती आली ती थोडीच. जी आली त्यांतल्या काहींवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सिया राज्याचा राजा चेओलवुल्फ हे दोघे एकत्र व्यवहार करत होते याचा पुरावा मिळाला. नंतरच्या बखरकारांनी हा चेओलवुल्फ जवळजवळ पुसून टाकला होता. उरलेल्या नाण्यांनी काय सांगितलं असतं ते आता कुणालाच कळणार नाही. त्या दोघांना २०१९ मध्ये अनेक वर्षांची कैद झाली, आणि ती मला योग्य वाटते.

तेव्हा नियम पाठ करून ठेवा. १९९६च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू, किंवा तसलीच दोन वा अधिक नाणी एकत्र सापडली, तर १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा शोधांची चौकशी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. २०२३ पासून २०० वर्षांहून जुन्या, विशेष महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही त्यात आल्या आहेत. संरक्षित स्मारकाच्या जागेवर लेखी संमतीशिवाय यंत्र चालवणं हा १९७९च्या कायद्याने गुन्हा आहे. स्कॉटलंडचे नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत, तिकडे जायच्या आधी वाचून घ्या.

आणि एक, जे नियमाहून मोठं आहे. गंजलेली, जड, लांबट, शेपटीला पंखे असलेली वस्तू आली तर हात लावू नका. दोन्ही महायुद्धांतले बाँब या मातीत अजून आहेत. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी असला एक गोळा पाइपचा तुकडा समजून पिशवीत टाकणार होते. क्लबमधले एक आजोबा शेताच्या त्या टोकावरून किंचाळले. जागा लक्षात ठेवा, लांब व्हा आणि ९९९ला फोन करा.

आता तुमचं नाणं. इथे मला खरंच वाईट वाटलं.

हात चिंचेकडे का गेला ते मला कळतं. दिवाळीच्या आधी आई देव्हाऱ्यातली ताम्हणं, पंचपात्री आणि एखादी जुनी शिवराई चिंचेने घासून लखलखीत करते, हे आपण जन्मापासून पाहिलेलं असतं. तांबं काळं पडलं की चिंच, याचा वेगळा विचारही करावा लागत नाही. पण ताम्हणावर काजळीचा पातळ थर असतो आणि खाली भक्कम धातू असतो. सोळाशे-सतराशे वर्षं मातीत पडलेल्या नाण्याचं तसं नसतं. त्याचा वरचा धातू बदलून हिरवट-तपकिरी कवच झालेलं असतं आणि राजाचा चेहरा, अक्षरं, चिन्हं त्या कवचातच उरलेली असतात. चिंचेतलं आम्ल ते कवच विरघळवतं. खाली राहतं ते खडबडीत तांबं, ज्याच्यावर काही नसतं. चिंच, लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, दातांचा ब्रश, सगळं त्याच मार्गाने जातं. शेतात अंगठ्याने चोळून बघायचा मोह होतो, तोही आवरायचा, कारण वाळूचे कण काचकागदासारखे काम करतात. सैल माती अलगद झटका, डबीत ठेवा, सापडलेली जागा नकाशावर टिपून घ्या. बाकी जाणकारावर सोडा.

तो जाणकार तुमच्याजवळच आहे. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची योजना १९९७ पासून चालू आहे, ब्रिटिश म्युझियम ती चालवतं. भागाभागांत तिचे फाइंड्स लिएझॉन ऑफिसर असतात, लेस्टरशायरलाही आहेत. सामान्य माणसाला सापडलेली बटणं, बकलं, नाणी ते बघतात, ओळखतात आणि नोंदवतात. पंधरा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे आणि त्यांतल्या बहुतेक तुमच्या-माझ्यासारख्यांनी आणून दिलेल्या आहेत. शेतकऱ्याला भेटाल तेव्हा नाणंही दाखवा, ते त्याच्याही मालकीचं आहे. त्याची हरकत नसेल तर अधिकाऱ्यांकडे न्या आणि चिंचेने घासलं हे स्वतःहून सांगा. ते रागावणार नाहीत. असली नाणी त्यांच्याकडे आठवड्याला येत असतील. घासलेल्या नाण्याचंही वजन, व्यास आणि जागा उरतेच, आणि नुसत्या जागेवरूनही त्या शेताबद्दल काही कळू शकतं.

राहिला तुमच्या गावचा किल्ला. तिथे हसणारं कोणी नाही म्हणता, पण गावाला त्या यंत्रावरून एकच शब्द सुचतो: गुप्तधन. तुम्ही परदेशातून आलेले, संध्याकाळी किल्ल्याखालच्या माळावर कानाला हेडफोन लावून फिरताय, मग रात्रीत काय चर्चा होईल ते तुम्हीच ओळखा. गुप्तधनापायी आपल्याकडे इतकी अघोरी कृत्यं झाली आहेत की २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यांचा विचार करावा लागला. तुम्ही चार दिवसांनी विमानात बसाल. वडील तिथेच राहणार आहेत.

कायदाही तुमच्या बाजूने नाही. आपल्याकडे इंग्लंडसारखी छंद म्हणून परवानगी आणि नोंदणीची व्यवस्था नाही. १८७८चा निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शेत वडिलांचं असलं तरीही. संरक्षित किल्ल्याच्या आवारात परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं तुम्ही परत येताना लेस्टरला आणू शकत नाही, १९७२चा कायदा त्याला मनाई करतो. आणि समजा हे सगळं बाजूला ठेवलं, तरी सराव म्हणून कुठली जमीन खणायची? ज्या जमिनीचा इतिहास अजून कुणी नीट खणून पाहिलेला नाही, तिथे शिकाऊ हाताने खड्डे पाडायचे? सरावाला तुमच्या इंग्लंडमधल्या घरामागची बाग आहे. वेगवेगळी नाणी, खिळे, डब्याच्या कड्या बोटभर, मग टीचभर खोल पुरा आणि डोळे मिटून आवाज ओळखायला शिका. मी पहिला हिवाळा तेच केलं.

क्लबात जायचंच. बुटांबद्दल सांगणारे ते गृहस्थ भेटतील, त्यांच्याजवळ उभे राहा आणि ते कुठे खणत नाहीत ते बघा. शेतकऱ्याला भेटून आलात की क्लबमध्ये त्याबद्दल तुम्हाला काही बोलावं लागणार नाही, ती बातमी तुमच्याआधी पोचलेली असेल.

नाण्याचं एक बघून ठेवा. मागची बाजू वर करा, खिडकीपाशी उजेड तिरपा पडेल असं धरा आणि अगदी तळाशी, चित्राच्या खाली भिंग लावा. चौथ्या शतकातलं असेल तर तिथे टांकसाळीची अक्षरं असायची. रोमन लिपीतली पी, एल, ओ, एन म्हणजे लंडन, पी, टी, आर म्हणजे आजच्या जर्मनीतलं ट्रीअर. चिंचेतून त्यातलं एखादं जरी वाचलं असेल, तर मला कळवा.

— ताई